विनापरवाना

एकतीस वर्षं मी अतिक्रमण खात्यात काढली.
ऐरोलीपासून दिघ्यापर्यंत
कुठल्या गल्लीत रात्रीतून स्लॅब पडला
हे मला वासावरून कळायचं, ओल्या सिमेंटच्या.
माझ्याच पोटात मजला चढत होता
तो मात्र कळला नाही.

खारघरला डॉक्टर केणींनी कागदावर एक गोल काढला.
एका पेशीच्या दोन होतात, म्हणाल्या,
जखम भरायची असते, झीज भरून काढायची असते.
मग निरोप येतो: पुरे. आणि त्या थांबतात.
एखादीला तो ऐकूच येत नाही.
नक्कल उतरवताना कुठेतरी अक्षर चुकलेलं असतं,
मग आणखी एक.
दोनाच्या चार, चाराच्या आठ.
गोलांनी कागद भरला, आणि पेन
कडेवरून टेबलाच्या काचेवर गेलं.

मी म्हटलं, वॉचमन नसतो का कुणी?
असतो. चुकलेल्या पेशीला मरायला लावणारा.
तुमच्याकडे तो कामावर नाही.
हे मला लगेच समजलं.
ती जागा आमच्याकडेही रिक्तच असायची.

पुढचं सगळं जुनी फाइल वाचावी तसं उलगडलं.
गाठ आपल्यापुरत्या रक्तवाहिन्या ओढून घेते,
बिनमीटरची नळजोडणी.
तिच्यातल्या चारदोघी निघतात
आणि यकृतात जागा बघायला जातात.
यकृतात? मी विचारलं.
अजून नाही, त्या म्हणाल्या.
‘अजून’ हा शब्द मी बेलापूरपर्यंत
खिशातल्या चिल्लरीसारखा चाचपत राहिलो.

आधी कापलं. वीतभर आतडं.
मग औषध, दर पंधरा दिवसांनी, नळीतून.
ते नोटीस देत नाही, नकाशा बघत नाही,
जे जे भराभर वाढतं त्यावर चालून जातं.
तोंडातली कातडी गेली, केस विरळ झाले,
रीतसर वाढणारेही पाडले गेले.
आणि फ्रीजच्या दाराला हात लागला
की बोटांत सुया.

तिसऱ्या खेपेला शेजारच्या खुर्चीत एक बाई.
तिच्या नळीत लाल औषध, माझ्या नळीत पाण्यासारखं.
बराच वेळ माझ्याकडे बघत होती.
तुम्ही ठोसर साहेब ना?
मी फुलाबाई खिल्लारे, दिघ्याची.
पत्रे मीच काढून देते म्हटलं होतं,
भोकं पडू नयेत म्हणून.
तुम्ही दहा मिनिटं दिली होती.

मला ती आठवली नाही.
पंचनाम्यात नावाचा रकाना होता, सहीचा होता,
चेहऱ्याचा नव्हता.

काहीतरी बोलायचं म्हणून बोलून गेलो:
आतही तसंच असतं बघा, बाई.
विनापरवाना बांधकाम.
हे मी चार लोकांना ऐकवलं होतं. सगळे हसले होते.

ती हसली नाही.
स्कार्फ कानामागे सारून म्हणाली,
आम्ही पाच जणांपुरतं बांधलं आणि थांबलो.
शेजारणीच्या भिंतीला टेकवायच्या आधी
तिला विचारलं.
हिला थांबता येत नाही, साहेब.
आमच्या घराला गाठ नका म्हणू.

मग तिचं मशीन ओरडायला लागलं. सिस्टर आली.
जाताना मी विचारलं, आता कुठे राहता?
तिथंच, म्हणाली. वर पत्रे तेच.

सहाव्या खेपेला मला परत पाठवलं.
पांढऱ्या पेशी फार उतरल्यात,
भरून येऊ द्या, आठवडाभर थांबा.
तर मी थांबलोय.
कोमट पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरून.
हाडांच्या पोकळीत आत्ता
एकीच्या दोन होत असतील, दोनाच्या चार,
माझ्या सहीशिवाय,
आणि मी, एकतीस वर्षांत प्रथमच,
म्हणतोय, चढू द्या,
चढू द्या अजून थोडं,
निरोप येईपर्यंत.